आकडा

बोअरचा पाइप, ट्रकचा मोडका पाटा,
मेडिकलच्या भंगारातून आलेली स्ट्रेचरची दोन चाकं.
वाडीच्या गॅरेजात तीन रात्री
वेल्डिंगचा निळा उजेड.
दिवसा लोखंडाला हात लावायची सोय नव्हती,
मे महिना.

पहिला टाका सुटला.
खापेकर मिस्त्री बिडी पेटवत म्हणाले,
"जाऊ दे ना बे,
लोखंडालेबी एखाद्या डाव नाही म्हनू दे."

चौथ्या दिवशी पहाटे
जुन्या ट्रॅक्टरच्या तोंडाला आकडा अडकवला,
जीपच्या पोटाखाली सरकवला, उचलला.
एरवी धक्क्याला चहावाला, पंक्चरवाला,
रस्त्यानं जाणारे दोघं-तिघं लागायचे,
तरी ती हलली नव्हती.
गिअर जाम, दोन वर्षं एका जागी.
आज उठली,
पाय आखडलेल्या म्हशीसारखी,
कण्हत.

खाली तिच्याच मापाची
ऑइल प्यायलेली काळी जमीन,
उंदरांनी ओढून नेलेल्या चिंध्या,
आणि चौदा-पंधराचा पान्हा.

तोच.
ज्याच्यासाठी मी मोरेश्वरला
भर गिऱ्हाइकांसमोर खिसे उलटे करायला लावले होते.
तो परत आलाच नाही.

"कुठी ठेवू?" मिस्त्री ओरडले.
ट्रॅक्टर धडधडत होता, जीप अधांतरी.
मी पान्हा उचलला.
मे महिन्यातही
तो गार होता.