शेऱ्याचा रकाना

भुसावळात, जामनेर रोडला, टायरच्या दुकानावर
सहा मशीनं, एक कूलर आणि माझं रजिस्टर:
नाव, गाव, आला किती वाजता, गेला किती वाजता, पैसे, शेरा.
शेऱ्याचा रकाना चार वर्षं कोराच.
फार तर ‘माऊस बिघडला’,
किंवा ‘सुटे नव्हते, वसीमकडं दोन रुपये बाकी’.

मग वैशाखात कुणीतरी पेनड्राइव्हवरून तो गेम आणला.
एक मुलगी. डोळेच अर्धा चेहरा.
निळे केस, गळ्यात लाल फडकं,
आणि ठिपके मोजता येतील असं सगळं चित्र,
लहानपणी शाळेतून आल्यावर लागायचं तसलं कार्टून,
ज्यात ओठ मिटले तरी मागून हिंदी चालूच असायची.
ती पळते. झाडते. समोरून गोळ्या येतात, गुलाबी,
पिकल्या घडावर चिलटं उठावीत तितक्या.

मी लिहायला लागलो.

वसीम पिंजारी, खडका रोड, एक तास दहा मिनिटं:
‘मी मेलो कधी तेच समजत नाही.
मरण तरी जरा सावकाश ठेवायचं.’

रतिलाल सैंदाणे, मूळ पारोळ्याचा:
‘झकास शे भो. पण मन्हा आंगठा दुखी ऱ्हायना.’

सपकाळे काका तिकीट काढायला आले होते,
पाऊण तास मागं उभे राहिले.
‘सिग्नल दिसायच्या आत गाडी पुढं. असं चालत नाही.
चौतीस वर्षं मी...’
पुढं त्यांनी पाणी मागितलं.

भंगाळे बंधू एका खुर्चीवर दोघं,
एकाकडं पळणं, एकाकडं बंदूक.
धाकटा म्हणे, चित्र जुनाट, पैसे नसतील म्हणून ठिपक्यांत भागवलं.
मोठा म्हणे, संगीत बंद करून खेळून दाखव,
दुसऱ्या पुलावर मेला नाहीस तर नाव बदलीन.
एकाच माणसानं बनवलाय म्हणे,
कुठल्यातरी खोलीत, एकट्यानं.
‘म्हणूनच एवढी घाई,’ मोठा म्हणाला,
‘त्याला जेवायला हाक मारणारं कुणी नसेल.’

रोशनी तडवी, यावल. टायपिंगच्या परीक्षेसाठी येते.
तिसरा पूल तिनंच ओलांडला, आजवर एकटीनं.
मत विचारलं तर तिनं काचेवर बोट ठेवलं:
‘इथं. पूल संपला की ती थांबते.
फडकं सोडते, घाम पुसते, परत बांधते.
दीड सेकंद. मी तेवढ्यासाठी खेळते.’
आम्ही ते पाहिलंच नव्हतं.
तिथवर जिवंत पोचलं होतं कोण?

शनिवारी सेहेचाळीस डिग्री, चारला लाईट गेली.
कूलरनं दोन थेंब टाकले आणि गप्प झाला.
रोशनी चौथ्या पुलावर होती.
काळ्या काचांत आमचेच चेहरे.
कुणी उठेना.

वसीम हळूच म्हणाला, ‘डावीकडून तीन.’
‘उडी,’ रतिलाल.
‘वरून, वरून आली—’
‘वाकलीय. पुढं सांगा.’
मेलेल्या कीबोर्डवर रोशनीची बोटं
परीक्षेत चालत नाहीत अशी चालली होती.
चौथा पूल कुणीच पाहिलेला नव्हता,
तरी गोळ्या कुठून येतात ते सगळ्यांना दिसत होतं.
यार्डात वॅगनवर वॅगन आपटली,
भंगाळेंनी तीही खेळात घेतली.
सपकाळे काका जिन्यात कधी येऊन उभे राहिले कुणास ठाऊक.
‘लाल आहे,’ ते म्हणाले. ‘आता धर. थांबव तिला.’

रोशनीनं हात उचलले,
ओढणीचं टोक घेऊन कपाळ पुसलं.
दीड सेकंदापेक्षा जास्तच वेळ घेतला.

लाईट चार चाळीसला आली.
चाळीस मिनिटांचे पैसे कुणाकडून घेऊ?
त्या रकान्यात मी रेघ मारली.
शेरा: चौथा पूल झाला. मेलं कुणी नाही.
वसीमकडं अजून दोन रुपये बाकी.