खडूची खूण

वागळे इस्टेट, रोड नंबर सोळा.
खाली मसाल्याची गिरणी, वर माझा गाळा.
त्यामुळे माझ्या सुरुवातीच्या सगळ्या वस्तूंना
हिंगाचा वास आहे.
गिऱ्हाईक हुंगून माझ्याकडे बघतं.
मी म्हणते, मटेरियलच तसं आहे.

बाबा टर्नर. ह्याच रस्त्यावर, तीन फाटकं पुढे,
जिथे आता कुरिअरचं गोदाम आहे.
त्यांची सगळी विद्या वजाबाकीची:
सळई घ्यायची, नको ते काढत जायचं,
उरेल ती वस्तू.
किसननगरच्या खोलीत रात्री
त्यांच्या बुटाच्या तळव्यातून आई चिमट्याने
पोलादाची कुरळी सालं उपटायची.
मी ती डबीत जमवायचे.

माझं यंत्र काहीच काढत नाही.
केसाएवढी ओळ घालतं,
तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी.
चकलीचा सोऱ्याच, पण घाई नसलेला.
बाबा पहिल्यांदा बघायला आले,
स्टुलावर अर्धा तास गप्प बसले,
मग म्हणाले, "कीस कुठे पडतो?"
पडत नाही, म्हटलं.
"मग काम झालं हे कळतं कसं?"

खाडीकडून येणारी हवा ओली.
रिळं रात्रभर पाणी पितात
आणि सकाळी नोझलमध्ये मोहरीसारखी तडतडतात.
मी रीळ तांदळाच्या पिंपात पुरलं,
आईने ते दोन बोटांनी बाहेर काढलं.
मग हवाबंद डबा केला,
दमट झालं की ओरडणारा.
माझा पहिला शोध म्हणायचा तर तो.
इंजिनियर लोकांत एकही खपला नाही.
खालच्या मिरगलांनी तीन नेले,
पापडांसाठी.

दुसरा शोध: तारेशिवायची विजेरी.
थरांच्या पोटातूनच तांब्याची वाट,
ना स्क्रू, ना सोल्डर.
एक पेटली. म्हणजे खरोखरच पेटली.
टेबलावर तो डाग अजून आहे,
त्याच्यावर चहाचा कप ठेवते.

आणि शुक्रवार.
इस्टेटची वीज शुक्रवारी जाते, सांगून जाते,
कधी न सांगताही.
चारशे बारावा थर, एकोणीस तासांचं काम,
आणि पंखा हळूहळू थांबला.
वीज आली तेव्हा यंत्र नुकतं जन्मल्यासारखं:
कुठे होतो, काय करत होतो, पत्ता नाही.
नोझल वस्तूतच रुतून बसलेलं.

फोनवर बाबांना सांत्वन जमत नाही.
"आमच्याकडे खडू असायचा," म्हणाले.
"लाइट गेली तरी चक लगेच थांबत नाही,
थोडा फिरतोच, आपल्या जोरावर.
तेवढ्यात हत्यार मागे घ्यायचं
आणि खूण करायची.
डोकं चालवायला वेळ नसतो,
हात चालवायचा."

मी अंगठ्याएवढे दोन कपॅसिटर लावले.
चार सेकंद मिळाले.
चार सेकंदांत यंत्र मान वर करतं,
थर कितवा, कोपरा कुठला, लिहून ठेवतं,
मग डोळे मिटतं.
हे जमायला चौदा महिने लागले,
आणि सांगायला एवढ्याच ओळी.

नौपाड्यात खोपकरांच्या ऑफिसात
पेटंटचा फॉर्म.
अर्जदार: शलाका विठोबा नाचणकर.
आधी ज्ञात असलेली पद्धत: ह्या रकान्यात
मी लिहिलं, खडू.
खोपकर चष्म्यावरून बघत राहिले.
"मॅडम, हे लिहिलंत तर नवीन काय उरलं?"
बरोबर होतं त्यांचं.
त्यांनी शब्द खोडला, स्वच्छ, पट्टीने.
नको ते काढलं, उरलं ते माझं झालं.

आज शुक्रवार.
पंखा मंदावतो, यंत्र मान वर करतं,
हिरवा दिवा एकदा लुकलुकून विझतो.
मी खुर्चीतून उठत नाही.
खाली गिरणीचं चाक
वीज गेल्यानंतरही थोडं फिरतंय.
मी मोजत बसते.