चारशे पन्नास

पाकिटाच्या मागे, मैदा-साखरेच्या बरंच खाली,
जिथं अक्षर मुंगीएवढं होतं,
तिथं माझी नोकरी छापलेली असते :
फुगवणारा पदार्थ, चारशे पन्नास, कंसात एक.

पावण्याच्या एमआयडीसीत, दुसऱ्या पाळीला
मी गोण्या फोडते. पांढरी भुकटी,
ना वास, ना नखरा.
गोणीवर ग्रेड : अठ्ठावीस.
म्हणजे सोड्याशी गाठ पडली की पहिल्या आठ मिनिटांत
शंभरातला अठ्ठावीस गॅस सुटणार.
बाकीचा पिठात दबा धरून
भट्टीची वाट बघत बसणार.
मला हा स्वभाव आवडतो.
आधीच भडकणाऱ्यांचे केक मध्येच बसतात.

बा विचारायचा, "तुमी बनवतांव तरी काय गो?"
हिराजी मढवी. घणसोलीच्या खाडीला
चौतीस वर्षं मीठ पिकवलं त्यानं,
मरेपर्यंत तळपायाच्या भेगा पांढऱ्या.
मी सांगितलं : दोन फॉस्फेटं शेजारी शेजारी तापवायची,
दोघांमधून पाणी निघून जातं,
मग ती एकमेकांना धरून बसतात.
त्यांच्या नावातच आग आहे, पायरो.
तो म्हणाला,
"मंग ता मीठच झालां.
पानी जेलं का मागं रेतं ता."

एकदा नमुन्याचा केक घरी आणला.
आमच्या चाखणाऱ्या मंडळींनी, नीलाक्षीमॅडम धरून,
दहापैकी नऊ दिले होते.
बानं एक घास खाल्ला. थांबला.
जीभ टाळूला लावून बसला,
कोंडीतलं पाणी चाखायचा तसा.
"ग्वार हाय. पन मागशी कायतरी रेतंय."

मागशी. आमच्या पुस्तकात या चवीला परिच्छेद आहे,
त्याच्याकडे एक शब्द होता.

दुसऱ्या दिवशी मी किलोमागे दोन ग्रॅम उतरवले.
रजिस्टरात कारण लिहायचा रकाना असतो.
लिहिलं : अंतर्गत चाचणी.

आता मिठागर नाही. बांध फुटला त्या साली
कुणी बुजवायला गेलं नाही,
खाडीनं सगळं विरघळवून परत नेलं.
चारशे पन्नासचंही तेच होतं म्हणा.
पोटात गेलं की पाणी परत मिळतं,
जोड सुटतो,
दोन फॉस्फेटं, दोन वाटा.

वाशीच्या दुकानात ते पाकीट दिसलं
की मी उलटं करून बघते.
आकडा आहे. कंस आहे.
दोन ग्रॅम कुठंच लिहिलेले नाहीत.