पिवळा दिवा

बटण दाबायचं आणि धरून ठेवायचं.
नुसतं टिचकीसारखं दाबलं तर गाडी अर्धंच ऐकते,
चाक जरा फिरू देते, मग मागून कॉलर धरते.
पूर्ण सुटायचं तर पाच सेकंद. मोजून.
मग काट्यांच्या मधोमध पिवळा दिवा:
घसरणारी गाडी, तिच्यामागे दोन नागमोडी रेघा,
पोरानं पाटीवर काढलेल्या सापांसारख्या.

श्रेणिक रोलिंग मिलवाल्यांचा. गाडी पुण्याहून आणलेली, जुनीच,
पण सगळा जोर मागच्या चाकांवर.
म्हणाला, "हे कायमचंच काढून टाका.
वायर कापा. मीच चालवायलोय असं वाटतच नाही."
वायर कापायला दोन मिनिटं लागतात.
मी पक्कड शोधत होतो तेव्हा
वहीदमामूंनी बशीतला चहा संपवला.
"नक्को," म्हणाले. "पहले मैदान. बाद में वायर."

जालन्याची धावपट्टी, जानेवारी, पहाटेचे सहा.
भेगांतून उगवलेल्या कुसळावर दव.
कडेला शेळ्या घेऊन एकजण, घोंगडीत गुंडाळलेला,
आम्हाला हाकलावं की बघावं या विचारात.
मामूंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
चाळीस वर्षं सरकीचे ट्रक हाकलेला माणूस
श्रेणिकच्या शेजारी बसला, पट्टा लावून, मांडीवर हात.
मी मागे, जिथं माणूस बसत नाही, पिशवी बसते.

पाच सेकंद. दिवा लागला.

पहिल्या वळणाला काहीच झालं नाही.
दुसऱ्याला त्याचा पाय जरा जास्त गेला
आणि मागची बाजू निघाली,
सावकाश, वाऱ्यानं दार उघडावं तशी.
मग सावकाश नाही.
शेळ्या, आभाळ, शेळ्या, तांबडं फुटलेलं,
पुन्हा शेळ्या.
इंजिन बंद. जळक्या रबराचा वास.
श्रेणिकचे हात अजून स्टिअरिंग वळवत होते.

मामू म्हणाले, "आँख कू मालूम होने तक देर हो जाती.
कमर से सुन. पीठ पहले बोलती."

तीनदा गेली. चौथ्यांदा गवतात.
पाचव्यांदा तो मामूंवर चिडला, सहाव्यांदा माझ्यावर.
सातव्यांदा
हात उलटे आधीच गेले होते,
पाय उचलला नव्हता, दाबलाही नव्हता,
आणि अख्खी गाडी तिरकी,
तिरकी आणि तरी कुठंतरी चाललेली,
जेवढा वेळ माणूस शिंक आली आली म्हणून थांबतो तेवढा वेळ.
मग सरळ.
घोंगडीवाला ओरडला, "आता जमलं बगा!"
म्हणजे तोही मोजत होता.

सीटखाली काडेपेटीएवढी डबी असते.
तोंड कुठं चाललंय आणि हातानं कुठं मागितलंय
यातला फरक तिला कळतो,
आणि तुम्हाला चूक कळायच्या आत
ती एकाच चाकाला चिमटा काढते.
पंधरा वर्षं मी त्या डब्या बदलतोय,
बिल करतोय, वॉरंटी सांगतोय.
ती काय ऐकत असते ते
त्या सकाळी माझ्या कमरेला पहिल्यांदा समजलं,
पिशवीच्या जागेवर.

चावी काढून आम्ही थर्मासमधला चहा प्यालो.
शेळ्या परत पट्टीवर आल्या, त्यांचीच होती ती.
परत चावी फिरवली तर काट्यांमधे अंधार.
"दिवा गेला?" श्रेणिक म्हणाला.
"गाडी बंद केली की सगळं आपोआप परत येतं.
तुम्ही घालवलं होतं हे ती धरून ठेवत नाही."
वायरीचं तो काही बोलला नाही.
मीही पक्कड गाडीत आणलीय हे बोललो नाही.

एमआयडीसीच्या वळणावर
सळयांच्या ट्रकनं खडी सांडलेली.
आम्ही हळूच होतो, तरी पुढचं डावं चाक
टिक् झालं,
आणि तोच दिवा दोनदा पापणी हलवून विझला.
मामू खिडकीकडं तोंड करून होते,
त्यांना दिवा दिसायचा प्रश्नच नव्हता.
"सुना?"

"हौ," श्रेणिक म्हणाला.