छाट

पुण्याहून पत्र आलंय, शिक्क्यासकट.
चिन्ना द्या.
बदल्यात पुढची दोन वर्षं
त्यांच्या अकादमीतून जी पोरं बाहेर पडतील
त्यांतली पहिली निवड आमची,
तिसरीही आमची,
शिवाय बुटांचे अकरा जोड, जे कुणी मागितले नव्हते.

मी दिवसभर साखर पेठेत सुताच्या काट्यावर असतो.
पोतं चढवायचं, काटा थांबू द्यायचा, आकडा लिहायचा.
वाऱ्यानं आकडा हलतो
म्हणून वजन करताना पंखा बंद,
एप्रिलातसुद्धा.
सव्वीस वर्षं हे, आणि क्लबचं सेक्रेटरीपण बारा.
तरी चिन्नाच्या समोर काय ठेवू कळत नाही.
समोर ठेवायचं ते अजून नववीत आहे,
कुठंतरी गणितात नापास होतंय,
त्याला मिशी नाही, गुडघ्यावर वण नाही,
नावही नाही.

कन्ना चौकातल्या हॉटेलात मीटिंग झाली.
बोल्ली मास्तर म्हणाले, तेविसावं संपलं त्याचं,
डावा घोटा दोनदा सुजलाय,
भाव आहे तोवर द्या.
मैनुद्दीन गोलकीपर. तो म्हणाला,
काय बे मास्तर, तो घोटा म्हणजे निम्मा क्लब हाय आपला.
मग कुणीच बोललं नाही.
बिल मी दिलं, क्लबच्या खात्यात लिहिलं नाही.

गड्ड्याची जत्रा उठली की मैदानात खिळे राहतात.
आम्ही दोरीला लोहचुंबक बांधून फिरवतो, दोन दोन दिवस.
चिन्ना थांबत नाही.
खिळ्यांतूनच बॉल घेऊन निघतो,
आणि समोरच्या बॅकला पाय कुठं ठेवावा हे आठवत नाही.
लोक म्हणतात, धोट्यासारखा जातो.
धोटा ठरल्या वाटेनं जातो, ठरल्या वाटेनं येतो.
माग मी जन्मभर बघितलेत.
चिन्ना तसा नाही.

विडी घरकुलात गेलो, आईला विचारायला.
नरसव्वाची कात्री चालूच होती.
म्हणाली,
पान आम्हाला तोलून देतात, वो सेक्रेटरी.
भोकं किती ते पुडा सोडल्यावर कळतं.
विड्या मात्र हजार पुऱ्या पायजेत त्यांना.
छाट निघाली तर माझ्या अंगावर.
तुमची छाट कुणाच्या अंगावर जाणार?

मी पाणी प्यालो.
तिला एक सांगितलं नाही.

बारा वर्षांमागं रेल्वेवाल्यांनी आमचा शमुवेल नेला होता.
तेव्हाही पत्र होतं, तेव्हाही बदल्यात पोरं,
कॉलनीच्या भिंतीवर बसलेली,
त्यांतली दोन निवडा म्हणाले.
मी नवा सेक्रेटरी. ऊन डोक्यावर.
पहिल्याला पळवून बघितलं, मांड्या दाबून बघितल्या,
बाप काय करतो विचारलं, वहीत लिहिलं.
दुसरा घेतला
कारण बाकीची पोरं तोवर जेवायला गेली होती.
अनवाणी, अकरा वर्षांचा,
नाकातलं बाहीला पुसणारा.

माझी पहिली निवड हल्ली तुळजापूर रोडला टेम्पो चालवते.
भेटला की हॉर्न देतो, दिलदार आहे.
दुसरी निवड चिन्ना.

संध्याकाळी त्याला गाठलं, गोलपोस्टच्या मागं.
पत्र वाचून दाखवलं, बुटांसकट.
माझ्या बदल्यात कोण येणार, विचारलं त्यानं.
म्हटलं, माहीत नाही अजून.
त्यांनाही नाही?
त्यांनाही नाही.
तो हसला नाही. चिडलाही नाही.
घोटा दोन्ही हातांनी दाबत बसला,
भाजीवालीसमोर टोमॅटो दाबतात तसा.
मग म्हणाला,
पहिला कुठलापण घ्या.
तिसऱ्याला तेवढं नीट बघा.

बुटाच्या लेसचं टोक फाटलं होतं, भोकात जात नव्हतं.
त्यानं माझ्या खिशातलं पेन काढून घेतलं
आणि लेस आत ढकलत बसला,
अंधार पडेपर्यंत.