वजनं

कामठीच्या पुढं, कन्हानच्या पुलाअलीकडं
एक खांब आहे, अठ्ठावीस वर्षं ओळखीचा.
त्याच्या अंगाला बिडाच्या चकत्यांची चळत लटकते,
आणि चळतीच्या जोरावर वरची तार ताणलेली राहते.
ऊन चढलं की तांबं सैलावतं, लांबतं,
चळत खाली उतरते.
थंडीत तार आखडते, चळत वर.
ओढ मात्र तेवढीच. हजार किलो, बारा महिने.

मे महिन्यात वजनं गिट्टीला टेकायला येतात.
मी घरी फोन करतो: कूलरात पाणी टाकून ठेव, आज सेहेचाळीस.
पेपरवाले दुसऱ्या दिवशी छापतात.

या तारेखालून इतवारीची मेमू रामटेकला जाते.
आठ डबे, अर्धे रिकामे.
ओल्या फडक्यात पानांच्या कवळ्या घेतलेली बाई,
शिंगाड्यांचं पोतं आणि त्याच्यावर झोपलेला मालक,
दारात पाय सोडून बसलेला आयटीआयचा पोरगा, ज्याला मी
रोज शिवी देतो आणि तो रोज हात हलवतो.
गाडी गेली की तार थोडा वेळ थरथरत राहते.
मग पुन्हा सरळ.

संघमित्रा जपानात आहे, दोन वर्षं झाली.
म्हाताऱ्यांच्या एका घरात त्यांना उठवते, न्हाऊ घालते, भरवते.
गावाचं नाव तिनं तीनदा सांगितलं,
मी तीनदा विसरलो.
पहाटेची पहिली गाडी पकडते. दोनच डबे.
"आपल्या रामटेकसारखीच लाइन आहे बाबा, भातशेतीतून जाते.
पण दाराले बटन असते. दाबलं तरच उघडते,
नाही तं ऊब बाहेर जाते."
किती व्होल्ट, विचारलं. तिनं मास्तरला विचारून कळवलं: दीड हजार.
आपल्याकडं पंचवीस हजार, मी म्हटलं,
आणि उगाच मोठा झालो.

रविवारी फोटो येतो.
बायको गाल बघते. "वाळली नं पोरगी."
मी दोन बोटांनी फोटो ताणतो,
पोरगी बाजूला सरकते, मागचा खांब जवळ येतो.
वजनं पार वर, चाकाला भिडायला आलेली,
चकत्यांच्या कडेला बर्फ.
तिकडचा तक्ता माझ्याजवळ नाही, पण हात सांगतो.
लिहिलं: उणे आठ?
"उणे नऊ. तुमाले कसं समजलं?"
स्वेटरच्या आत अजून एक घाल, म्हटलं. बाकी काही नाही.

फोनवर तिचा आवाज नेहमी सारखाच.
दिवाळीत तसा, तापात तसा,
सात महिने जिला भरवलं ती आजी गेली त्या रात्रीही तसाच.
बायको म्हणते, बरी आहे, आवाज बघा कसा ठणठणीत.
मी गप्प बसतो.
तार इतकी सारखी राहते तेव्हा
खांबाशी काहीतरी खूप वर-खाली होत असतं,
हे मला पगारी माणसाला कळतं.

परवा तिनं मागितला: बाबा, तुमच्या खांबाचा फोटो टाका.
पॉवर ब्लॉक होता, दुपारी दोन ते अडीच.
हेल्मेटखालून घाम डोळ्यांत उतरत होता, मेश्राम पाना शोधत होता.
मी लांबून काढला, स्वतः न दिसता.
वजनं खाली, गिट्टीपासून वीतभर.
उत्तर लगेच आलं. तिकडं संध्याकाळ असेल.
"पंचेचाळीस?"
चव्वेचाळीस, मी लिहिलं. एक चुकली.
मग थोडा वेळ काहीच नाही.
मेमूला सिग्नल मिळाला, रूळ बारीक गुणगुणायला लागले,
आम्ही शिडी उचलून बाजूला झालो.
तेवढ्यात फोन वाजला:
"दुपट्टा ओला करून बांधा.
आणि कमरेचं औषध घेत नाही तुम्ही.
फोटोत खाली सावली आली आहे, वाकलेली."

गाडी धडधडत गेली, पोरानं हात हलवला.
मी ताठ उभा राहिलो.
फोटो तर केव्हाच गेला होता.