शेड मॅचिंग

रबाळ्याच्या रंगाच्या कारखान्यात बाबा
एकोणतीस वर्षं चिंधीला चिंधी लावून बघत.
आधी ट्यूबलाइटखाली, मग पिवळ्या बल्बखाली,
मग दाराबाहेर, उत्तरेच्या उजेडात.
तिन्हीकडे जुळली तरच पास.
ट्यूबखाली जुळी बहीण वाटलेली चिंधी
उन्हात सवत निघायची.

काल रात्री घणसोलीत, पाचव्या मजल्यावर,
माझ्या स्क्रीनवर एक ब्लेझार भडकला.
त्याला नाव नाही, नुसता आकडा.
कृष्णविवराजवळून सुटलेला झोत,
नेमका आपल्यावर रोखलेला.
हा उजेड निघाला तेव्हा
ठाण्याची खाडी नव्हती, धड पृथ्वीही नव्हती.
गॅमा किरणांत तीन दिवसांत अकरापट!
मी भराभर मेल टाकले:
क्ष-किरणांचा उपग्रह वळवा,
डोंगरावरच्या दुर्बिणीला विचारा, ढग आहेत का,
आणि रेडिओवाल्यांनो, तुम्ही सावकाश;
तुमच्या दारात ही बातमी पोचेस्तोवर
पावसाळा उलटेल.

वाशीला मोतीबिंदू काढून बाबांना आठवडा झालेला.
काळा चष्मा कपाळावर चढवून
ते माझ्या ठिपक्यांकडे वाकले.
"बाय, कंच्या उजेरान बघलंस?"

मिळतील तेवढ्या सगळ्या, म्हटलं.

"मंग, जुलला?"

नाही ना. गॅमात सुळका,
साध्या प्रकाशात जेमतेम उंचवटा,
क्ष-किरणांत तर काही घडलंच नाही म्हणे.

बाबा खूश.
न जुळणाऱ्या चिंधीवरच तर त्यांचा पगार निघायचा.

मग त्यांनी एक डोळा झाकला. मग दुसरा.
नव्या भिंगातून भिंत निळसर,
जुन्यातून तीच भिंत चहात बुडवलेली.
पुन्हा झाकला, पुन्हा उघडला.
किती वर्षं साचत होता तो चहा,
आणि नोकरीची शेवटची चार वर्षं
ते निळे पास करत होते.
"कवरे तागे चुकीचे गेले आसतील गो,"
ते भिंतीलाच म्हणाले.

मी काही बोलले नाही.
कुणाच्या तरी खिडकीला असेलही अजून
त्यातला एखादा पडदा, धुऊन धुऊन विटलेला,
आणि त्या घराला तोच निळा आवडत असेल.

डावा डोळा पुढच्या महिन्यात.
रेडिओ दिवाळीच्या आसपास.
नोंदवहीत मी लिहिलं:
स्रोत, तारीख, कोणता उजेड.
मग पट्टी घेऊन शेजारी
एक रकाना नवा आखला:
बघणारा डोळा कोणता.